विहिरीवरची मोटर आणि तीनशे मीटर केबल

पाणबुडी मोटर एकाच हंगामात दुसऱ्यांदा जळाली की शेतकरी आधी रिवाइंडिंगवाला बदलतो, नंतर मोटरची कंपनी बदलतो. स्टार्टरपासून विहिरीच्या तळापर्यंत गेलेली केबल मात्र तीच राहते. दुकानात "पाच एचपीला अडीच एमएम चालते" असे सांगितलेले असते. ते खोटेही नसते. किती लांबीपर्यंत चालते, हे मात्र कुणी विचारलेले नसते. करंट आणि रोध हा शाळेतला धडा शेतकऱ्याचे सर्वांत जास्त पैसे वाचवतो तो इथे, म्हणून सगळा हिशेब या केबलवरच मांडतो आहे.

उदाहरण एकच धरू. डीपीजवळच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीत मीटर आणि स्टार्टर. तिथून विहिरीतल्या मोटरपर्यंत, खाली सोडलेली लांबी धरून, ३०० मीटर केबल. मोटर ५ एचपी, म्हणजे ३.७ किलोवॉट, तीन फेज, ४१५ व्होल्ट. पॉवर फॅक्टर (एकूण करंटमध्ये काम करणाऱ्या भागाचे प्रमाण) ०.८ आणि मोटरची कार्यक्षमता ७२ टक्क्यांच्या आसपास धरली तर तिचा करंट ९ ॲम्पिअर येतो. तुमच्या मोटरचा खरा आकडा नावपट्टीवर असतो. हिशेबात तोच घ्या.

करंट म्हणजे तारेच्या एखाद्या छेदातून दर सेकंदाला किती विद्युतभार पलीकडे जातो ते माप. एक ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला ६.२४ गुणिले १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन. आकडा प्रचंड वाटतो, पण तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने असतात की त्यांना फार सरकावे लागत नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेतून ९ ॲम्पिअर डीसी करंट जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम पाव मिलिमीटर पुढे जातात. आपल्याकडे पुरवठा ५० हर्ट्झ एसीचा, म्हणजे ते पुढेही जात नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या अंतरात मागेपुढे होत राहतात. डीपीतला एकही इलेक्ट्रॉन तुमच्या मोटरपर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती ऊर्जा, आणि वाटेत तिचा काही भाग केबल खाऊन टाकते.

ती किती खाते, हे तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ठरवतो. १८२६ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी हेच मोजले. उकळत्या पाण्यात एक सांधा आणि बर्फात दुसरा सांधा ठेवून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांची स्थिर दाब (व्होल्टेज) देणारी जोडी तयार केली, आणि तिला एकामागून एक वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडल्या. तार लांब होईल तसा करंट कमी. पुढच्या वर्षी त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले. शेतातला आपला प्रश्नही लांब तारेचाच आहे.

नियम असा: व्होल्टेजची घट = करंट × रोध. आणि तारेचा रोध = धातूची रोधकता × लांबी ÷ छेदाचे क्षेत्रफळ. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट, जाडी, म्हणजे क्षेत्रफळ, दुप्पट केले की रोध निम्मा. पाइपातून पाणी नेताना पाइप जितका लांब आणि बारीक तितका दाब वाटेत मरतो, तसेच हे. फरक एवढाच की पाण्याचा प्रवाह दुप्पट केला तर पाइपातली दाबाची घट जवळजवळ चौपट होते. तारेत मात्र करंट दुप्पट केला तर घट बरोबर दुप्पट. चौपट होते ती उष्णता. तो हिशेब पुढे येतो.

दुकानातला "अडीच एमएम" हा आकडा क्षेत्रफळाचा असतो, व्यासाचा नव्हे. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याचा भरीव व्यास १.७८ मिलिमीटर भरेल. भारतीय मानकाप्रमाणे २० अंश सेल्सिअसला लवचीक तांब्याच्या तारेचा रोध एका किलोमीटरला जास्तीत जास्त किती असावा हे ठरलेले आहे: दीड एमएमला १३.३ ओहम (रोधाचे एकक), अडीचला ७.९८, चारला ४.९५, सहाला ३.३०, दहाला १.९१. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट. म्हणून दहा एमएम ॲल्युमिनियमला किलोमीटरमागे ३.०८ ओहम आणि सोळाला १.९१. म्हणजे सोळा ॲल्युमिनियम आणि दहा तांबे रोधाला सारखेच. हे आकडे वहीत लिहून ठेवण्यासारखे आहेत; केबल विकत घेताना लागणारे बाकीचे सगळे यांच्यावरून काढता येते.

आपल्या केबलवर ते लावू. अडीच एमएम, ३०० मीटर: ७.९८ × ०.३ = २.३९ ओहम, प्रत्येक तारेला. तीन फेजच्या लाइनमध्ये दोन फेजमधली घट काढायला १.७३२ × करंट × एका तारेचा रोध × पॉवर फॅक्टर असे गुणायचे. १.७३२ × ९ × २.३९ × ०.८ म्हणजे जवळजवळ ३० व्होल्ट. पेटीतला व्होल्टमीटर ४१५ दाखवत असताना मोटरला ३८५ मिळतात. चार एमएम टाकली तर घट साडेअठरा व्होल्ट, सहा टाकली तर सव्वाबारा, दहा टाकली तर सात.

इथेच दुकानदाराचे आणि आपले गणित वेगळे होते. अडीच एमएम तांबे ९ ॲम्पिअरला तापून वितळत नाही. हवेत मोकळी असेल तर याच्या दुप्पट करंटही ती सोसते. त्या अर्थाने "चालते" हे बरोबर. पण तार करंट सोसते का, आणि तार पलीकडच्या टोकाला पुरेसे व्होल्टेज पोहोचवते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरात वायरची लांबी वीस-तीस मीटर असते, तिथे पहिला प्रश्न पुरतो. शेतात दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा.

केबलमधली घट ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे ४१५ ला साडेबारा व्होल्टच्या आत ठेवावी असे माझे ठाम मत आहे. ९ ॲम्पिअरच्या मोटरला त्यासाठी सोपे सूत्र निघते: १००० भागिले किलोमीटरमागचा रोध, की जास्तीत जास्त लांबी मीटरमध्ये मिळते. अडीच एमएमला १२५ मीटर, चारला २००, सहाला ३००, दहाला ५२०. मोटर साडेसात एचपीची असेल आणि १३ ॲम्पिअर घेत असेल तर या लांब्यांना ९ ने गुणून १३ ने भागायचे. अडीच एमएम मग ८५ मीटरच्या पुढे नेऊ नये. सिंगल फेज मोटरला आणखी जपावे लागते, कारण करंट जाताना आणि येताना दोन्ही तारांचा रोध मोजावा लागतो आणि व्होल्टेज मुळातच २३०. दहा ॲम्पिअर घेणारी सिंगल फेज मोटर अडीच एमएमवर १५० मीटर लांब नेली तर २० व्होल्टच्या वर घट होते, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा.

हे सगळे आकडे २० अंशांचे आहेत. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो. वैशाखात बांधावर उघडी पडलेली काळी केबल सहज ५५ ते ६० अंशांवर जाते, तेव्हा रोध १५ टक्के जास्त धरावा. केबल जमिनीत पाइपातून नेली तर उंदीर, नांगर आणि ऊन या तिघांपासूनही वाचते. उरलेल्या केबलचे वेटोळे करून पेटीच्या बाजूला टांगून ठेवायची पद्धत मात्र बंद करावी: त्या वीस-पंचवीस मीटरची घट फुकट होते, आणि वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नसल्याने आतले वेढे जास्त तापतात.

खर्च परवडत नसेल तर मधला मार्ग आहे, आणि तो मला सर्वांत पसंत आहे. डीपीपासून विहिरीच्या काठापर्यंतचे २४० मीटर सोळा एमएम ॲल्युमिनियमची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, आणि काठापासून खाली मोटरपर्यंतचे ६० मीटर चार एमएम तांब्याची चपटी केबल. रोध ०.४६ अधिक ०.३०, म्हणजे पाऊण ओहमच्या किंचित वर. घट साडेनऊ व्होल्ट. अखंड सहा एमएम तांब्यापेक्षाही कमी. अट एकच, काठावरचा तांबे-ॲल्युमिनियम जॉइंट नीट हवा. त्याबद्दल पुढे.

तीस व्होल्टने मोटर कशी जळते

मल्टिमीटरने ५ एचपी मोटरच्या दोन फेजमधला वाइंडिंगचा रोध मोजला तर बहुधा तीन-चार ओहम दिसतो. ओहमचा नियम सरळ लावला तर ४१५ भागिले साडेतीन, म्हणजे शंभराच्या वर ॲम्पिअर यायला हवा. येतो ९. कारण फिरणाऱ्या मोटरमध्ये बदलते चुंबकीय क्षेत्र वाइंडिंगमध्येच उलटा दाब निर्माण करते आणि पुरवठ्याचा बहुतेक दाब त्यात खर्च होतो. मोटर थांबलेली असते तेव्हा हा बचाव अपुरा असतो. म्हणून स्टार्टर दाबल्याबरोबर करंट पाच-सहा पट उसळतो, मोटरने वेग घेतला की खाली येतो. एक-दोन सेकंदांचा हा काळ मोटरच्या आयुष्यातला सर्वांत कठीण.

लांब, बारीक केबलवर याच क्षणी घट सर्वांत मोठी होते. करंट पन्नास ॲम्पिअरकडे गेला की आपल्या अडीच एमएम केबलमध्ये शंभर व्होल्टच्या आसपास मरतात. मोटरचे बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४१५ च्या जागी ३०० मिळाले तर बळ निम्म्यावर येते. पंपात गाळ अडकलेला असेल किंवा बेअरिंग घट्ट झाले असेल, तर मोटर गुरगुरते, फिरत नाही, आणि वाइंडिंग त्या उसळलेल्या करंटवर भाजत राहते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, योग्य आकड्यावर लावलेला असेल तर तो तिला सोडवतो. पण रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा काटा वर सरकवून ठेवलेला असेल, तर मोटर वाचत नाही. काटा नावपट्टीवरच्या करंटवर असावा, त्याच्या पुढे नाही.

चालू मोटरचीही तीच गत. पंपाला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर न्यायचे असते, म्हणून व्होल्टेज कमी झाले की मोटर करंट वाढवून काम पुरे करते. संध्याकाळी डीपीवरच ३७० व्होल्ट आहेत असे धरा. मोटर ११ ॲम्पिअरकडे जाते, केबलमधली घट ३६ व्होल्ट होते, मोटरला ३३४ उरतात. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: ११ भागिले ९, त्याचा वर्ग, म्हणजे दीडपट. पाण्याने भरलेल्या पाणबुडी मोटरच्या वाइंडिंगवर पीव्हीसीचे आवरण असेल तर ते ७० अंशांपुढे टिकण्यासाठी बनवलेलेच नसते. मोटर त्या दिवशी जळत नाही. आवरण थोडे थोडे मऊ आणि मग ठिसूळ होत जाते, आणि आठ-पंधरा दिवसांनी दोन वेढे एकमेकांना चिकटतात. शेतकऱ्याला वाटते काल तर छान चालत होती.

केबल स्वतःही तापते. उष्णता = करंटचा वर्ग × रोध, तीन तारांसाठी तिप्पट. अडीच एमएमवर ५८० वॉट, सहा एमएमवर २४० वॉट. आठ तास पंप चालवला तर फरक दिवसाला पावणेतीन युनिट. महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, म्हणून हा फरक बिलात दिसत नाही. जाड केबलचे पैसे परत मिळतात ते रिवाइंडिंगच्या वाचलेल्या खर्चातून आणि ऐन भराच्या वेळी पिकाला मिळालेल्या पाण्यातून.

जॉइंट

तीनशे मीटर केबलची काळजी घेऊन तीन सेंटिमीटरच्या जॉइंटवर सगळे घालवणे फार सोपे आहे. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या तारांमध्ये धातू धातूला काही मोजक्या बिंदूंवरच टेकतो. तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला तर ९ ॲम्पिअरला ८१ × ०.५, म्हणजे ४० वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. सोल्डरिंगची इस्त्री साधारण एवढ्याच वॉटची असते. उष्णतेने टेप वितळतो, तांब्यावर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो. तीनपैकी एका फेजचा जॉइंट असा बिघडला की उरलेल्या दोन फेजवर ओझे येते. तो पूर्ण तुटला तर त्या दोन फेजचा करंट सुमारे १.७ पट होतो. त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा भाग) स्टार्टरमध्ये हवाच.

पाण्यातला जॉइंट करताना तिन्ही तारा एकाच ठिकाणी कापू नयेत. एकीपासून दुसरी पाच-सहा सेंटिमीटर मागेपुढे ठेवावी, म्हणजे टेप फाटला तरी फेज फेजला लागत नाही आणि जाडीही एका जागी येत नाही. तारेचे आवरण काढताना धागे कापले जाऊ नयेत. तांब्याचा रंग काळपट असेल तर बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करावा. मग मापाची तांब्याची नळी घालून क्रिंपिंगच्या पक्कडीने दोन्ही बाजूंना दाबावी. साध्या पक्कडीने चेपलेली नळी क्रिंप होत नाही. त्यावर स्वतःलाच चिकटणारा रबर टेप ताणून, निम्मा निम्मा चढवत, मूळ आवरणावर दोन्हीकडे चार-पाच सेंटिमीटर जाईल असा तीन-चार थर; वरून पीव्हीसी टेप. पाणी अडवतो तो रबर टेप, पीव्हीसी टेप फक्त त्याला घासण्यापासून वाचवतो. जॉइंट बादलीत तासभर बुडवून, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तार आणि पाणी यांच्यातला रोध मोजावा. नव्या जॉइंटला दहा-वीस मेगाओहमच्या वर यायला हवा. एका मेगाओहमच्या खाली आला तर मोटर खाली सोडू नये.

तांबे आणि ॲल्युमिनियम मात्र कधीच थेट पिळू नयेत. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय ओलाव्यात या दोन धातूंची जोडी बॅटरीसारखी वागते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. त्यासाठी बायमेटल लग मिळतात, एका बाजूला ॲल्युमिनियमची नळी आणि दुसरीकडे तांबे. काठावर बंद पेटी, तीत बोल्टचे टर्मिनल, ॲल्युमिनियमच्या टोकाला ऑक्साइड रोखणारी पेस्ट. पाऊस आत जाणार नाही असा केबलचा प्रवेश खालून ठेवायचा. पहिल्या महिन्याने बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसते आणि पकड सैल होते.

मोजून पाहणे

चालू लाइनवरचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्याकडे टाँग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा चिमटा) आणि मल्टिमीटर असतो; काय मोजायचे ते तुम्ही सांगा.

पहिले, मोटर बंद असताना पेटीत तिन्ही फेजमधले व्होल्टेज. दुसरे, मोटर चालू असताना तेच. फरक मोठा असेल तर दोष तुमच्या केबलमध्ये नाही. डीपी आणि लाइन ओझ्याखाली आहे. नियमानुसार लो टेन्शनला (४१५ व्होल्टच्या लाइनला) ६ टक्के खाली चालते, म्हणजे ३९० च्या आसपास. त्याहून कमी असेल तर आकडे लिहून तक्रार द्यावी. "लो व्होल्टेज आहे" एवढ्या तक्रारीपेक्षा वेळ आणि व्होल्टेज लिहिलेली तक्रार पुढे सरकते. तिसरे, मोटर चालू असताना काठावरच्या पेटीत व्होल्टेज. स्टार्टरच्या पेटीतला मोटर चालू असतानाचा आकडा वजा हा आकडा म्हणजे काठापर्यंतच्या केबलची घट, आणि ती तेवढ्या लांबीच्या हिशेबाशी जुळायला हवी. हिशेब १८ म्हणतो आणि मीटर ३० दाखवतो, तर कुठेतरी खराब जॉइंट आहे किंवा केबल लिहिलेल्या मापाची नाही. चौथे, तिन्ही तारांचा करंट. ९, ९.२, ८.९ ठीक. ९, ११, ७ आला तर कारण शोधल्याशिवाय मोटर चालवू नये.

केबल मापाची आहे का, हे विकत घेतानाच पाहता येते. अडीच एमएम लवचीक तारेत बहुधा ०.३ मिलिमीटरचे ३६ धागे असतात, चारला ५६, सहाला ८४. धागे मोजले तर बरोबर भरतात, पण जाडी ०.२७ असते, असा माल बाजारात मिळतो. एवढ्याशा फरकाने तांबे पाचव्या हिश्श्याने कमी होते आणि रोध २३ टक्के वाढतो. मायक्रोमीटर नसेल तर वजन पाहा: अडीच एमएमच्या तीन तारांच्या शंभर मीटर केबलमध्ये नुसते तांबे सुमारे पावणेसात किलो असते.

त्याहून भरवशाची परीक्षा रोधाची. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्ट्यावर एक-दीड ओहम मोजू नका. त्याच्या स्वतःच्या तारांचा आणि टोकांचा रोध त्यात मिसळतो. शंभर मीटर गुंडाळीच्या दोन तारा एका टोकाला घट्ट जोडा. दुसऱ्या टोकाकडून १२ व्होल्टची ट्रॅक्टरची बॅटरी, ६० वॉटचा हेडलाइटचा बल्ब, १० ॲम्पिअरच्या पट्ट्यावरचा मीटर आणि ही केबल असे सगळे एकामागे एक जोडा. करंट साडेतीन ॲम्पिअरच्या आसपास येईल. तो लिहून घ्या. त्या पट्ट्यावर मीटर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. मग दुसऱ्या मीटरने नुसत्या केबलच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजा. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे २०० मीटर तारेचा रोध. अडीच एमएमला तो २० अंशांना १.६ ओहमच्या आत हवा. उन्हाळ्याच्या दुपारी १.७५ चालेल. दोन ओहम आला तर ती केबल अडीच एमएमची नाही.

कपॅसिटर, ऑटोस्विच आणि डीपी

"कपॅसिटर बसवा, ऑटोस्विच काढा" हे महावितरणचे आवाहन अनेकांना कंपनीच्या सोयीचे वाटते. ते तुमच्याही सोयीचे आहे. मोटरच्या ९ ॲम्पिअरपैकी काम करणारा भाग ७.२, आणि चुंबकीय क्षेत्रासाठी ये-जा करणारा ५.४, हे काटकोनात बेरजेला येतात. २ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचे माप) इतका कपॅसिटर त्या ५.४ पैकी पावणेतीन जागेवरच पुरवतो, आणि त्याच्या मागच्या लाइनमधला करंट ७.७ वर येतो. लाइनमधली उष्णता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटते. "त्याच्या मागच्या" हे शब्द महत्त्वाचे: कपॅसिटर स्टार्टरजवळ लावला तर डीपी आणि लाइन हलकी होते, तुमच्या ३०० मीटर केबलमध्ये मात्र ९ ॲम्पिअरच वाहतात. काठावरच्या पेटीत लावला तर केबललाही फायदा होतो, पण मग ओव्हरलोड रिलेला कमी झालेला करंट दिसतो, म्हणून त्याचा काटा टाँग टेस्टरच्या नव्या आकड्यावर आणावा लागतो. पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दाब उरतो. पाच मिनिटे थांबून, मीटरने शून्य पाहूनच हात लावा.

ऑटोस्विच म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच. त्याचे गणित आणखी सरळ आहे. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीचा पूर्ण करंट १३३ ॲम्पिअर. तिच्यावर बारा पंप, प्रत्येकी ९, म्हणजे १०८, ठीक चालते. लाइट आल्याबरोबर बाराही ऑटोस्विच एकदम ओढले गेले तर मागणी सहाशेच्या घरात जाते. व्होल्टेज कोसळते, एकही मोटर वेग घेत नाही, सगळ्यांचा करंट वरच अडकून राहतो. मग डीपीचे फ्यूज जातात, आणि फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल तर डीपीच जाते.

पेटीला लागणारा शॉक

स्टार्टरच्या लोखंडी पेटीत एखादी फेज सुटून पत्र्याला लागली तर काय होते? अर्थिंगचा रोध १० ओहम आणि डीपीच्या न्यूट्रल अर्थिंगचा ५ धरू. करंट २३० भागिले १५, म्हणजे १५ ॲम्पिअर. १५ ॲम्पिअरचा तारेचा फ्यूज एवढ्याने वितळत नाही. आणि पेटी जमिनीच्या तुलनेत १५ × १०, म्हणजे दीडशे व्होल्टवर उभी राहते. ओल्या पायांनी, ओल्या हाताने पेटी धरणाऱ्याच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. त्याच्यातून १५० मिलिॲम्पिअर जातात. हृदयाची लय बिघडवायला याहून पुष्कळ कमी पुरतात. म्हणून केवळ फ्यूज आणि अर्थिंगवर विसंबणे शेतात धोक्याचे आहे, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (एवढा करंट जमिनीकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच) मला मोटरच्या केबलइतकाच आवश्यक वाटतो.

अर्थिंग तरीही चांगले हवेच. तीन मीटर लांबीच्या सळईचा रोध जमिनीच्या रोधकतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका येतो. ओल्या काळ्या मातीत रोधकता ३० ओहम-मीटर धरली तर १० ओहम. मुरमाड माळावर ती ३०० असेल तर तीच सळई १०० ओहम देते. तिथे दोन-तीन सळया एकमेकींपासून किमान तीन मीटरवर ठोकून जोडाव्यात, शक्यतो पाटाच्या किंवा हौदाच्या कडेला, जिथे ओल टिकते. उन्हाळ्यात जमीन सुकली की हाच आकडा वाढतो, म्हणून मोजणी मे महिन्यात करावी, श्रावणात नव्हे.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकलेल्या पेट्या पुष्कळ दिसतात. तो पडतो तेव्हा काय सांगत असतो, तेही ओहमच्या नियमानेच कळते. २३० व्होल्टला ३० मिलिॲम्पिअर गळायला रोध सुमारे ७,७०० ओहमपर्यंत उतरावा लागतो. एक मेगाओहम आवरण शिल्लक असलेल्या मोटरमधून पाव मिलिॲम्पिअरही गळत नाही, तिच्यामुळे आरसीसीबी पडणार नाही. म्हणजे तो पडतो आहे तेव्हा आवरण मेगाओहमवरून काही हजार ओहमांवर आलेले आहे आणि विहिरीच्या पाण्यात वीज उतरते आहे. विहिरीत कुणी उतरू नये. वायरमनने पुरवठा तोडून काठावरच्या पेटीत केबल सोडवावी, आणि डीपीकडची केबल व मोटरकडची केबल वेगवेगळी मेगरवर घ्यावी. मोटरकडचा आकडा खाली आला तर मोटर वर ओढून आधी पाण्यातला जॉइंट कापून पुन्हा मोजावे. दोष मोटरपेक्षा तिथे सापडण्याची शक्यता जास्त असते.